आमच्या सामायिक सड्यावर कातळशिल्प आहे, गाड्या यायला लागल्यात. काय करावं?

कातळवाट

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. घर खाली वाडीत, पाखाडी (दगडी पायवाट) चढून वर गेलं की सडा, म्हणजे उघड्या जांभ्या दगडाचं पठार, तिथे आमची वरकस, हलकी जमीन. आजोबांच्या नावावरची, आता सातबाऱ्यावर अकरा नावं. जिथे थोडी माती होती तिथे पूर्वी नाचणी-वरी करायचे, बाकी सगळा उघडा कातळ. त्या कातळावर एक मोठा मासा, बाजूला दोन माणसं आणि एक चौकट, चौकटीत नुसत्या वळत गेलेल्या रेघा, असं कोरलेलं आहे. आजी त्याला राखणदाराची जागा म्हणायची. शिमग्याला नारळ ठेवायचा, चपला लांब काढायच्या, एवढंच आम्हाला माहीत. कातळशिल्प हा शब्द घरात आला तो पाच-सहा वर्षांपूर्वी, अभ्यास करणारी माणसं येऊन मापं घेऊन फोटो काढून गेली तेव्हा.

गेल्या दिवाळीत कोणीतरी रील टाकलं, लोकेशनसकट. तेव्हापासून शनिवार-रविवारी चार-पाच गाड्या असतातच, नाताळात तर मोजल्या नाहीत. मी मे महिन्यात गेले तेव्हा माशाच्या शेपटीवरून चाक गेलेलं होतं. जांभ्याची कड फुटलेली, बाकी कातळ काळा पडलेला आणि तेवढाच तुकडा आतून लालभडक दिसत होता. आणि फोटोत नीट यावं म्हणून कोणीतरी अख्ख्या आकृतीत चुना भरला होता. आई आणि मी कळशीने पाणी नेऊन ओतलं, घासायची हिंमत झाली नाही. जांभ्याच्या भोकाभोकात तो चुना बसलाय तो बसलाच. आई तिथेच खाली बसून राहिली, बराच वेळ बोलली नाही.

आता घरात तीन मतं. धाकट्या काकांकडे चिरेखाणवाला (जांभ्याचे चिरे कापून विकणारा) येऊन गेला, बाजूच्या तुकड्यासाठी, शिल्पाला हात लावणार नाही म्हणतो. चुलतभावाला सड्यावर तंबू लावायचेत, वीज-पाणी वर न्यायचंय. आई आणि मला वाटतं खालच्या घरात दोन खोल्या आहेत, पडवी आहे, लोकांना तिथे ठेवावं, जेवायला घालावं आणि आपल्यासोबत वर न्यावं. पण हे जमतं का, कोणी केलंय का, सरकारला कळवलं तर जमीन जाते का, आणि तोपर्यंत तो चुना आणि गाड्या यांचं काय करायचं? माहिती असणाऱ्यांनी खरंच सांगा, पावसानंतर परत गर्दी सुरू होईल.

रानवाटा_रत्नागिरी

ताई, आधी चुन्याचं. काहीही करू नका. तारेचा ब्रश, लिंबू, ॲसिड, प्रेशरचं पाणी, यातलं काहीही नको. शिल्पाची रेघ कुठे जेमतेम बोटाच्या पेराएवढी खोल असते, घासलं की चुन्याबरोबर दगडाची वरची साल जाते आणि ती साल म्हणजेच शिल्प. पावसाने काही आपोआप जाईल. तरी राहिला तर पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरीत ऑफिस आहे तिथे फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्या.

दुसरं, लोक चुना का भरतात हे मी बारा वर्षं ग्रुप नेतोय त्यातून सांगतो. लोक दुपारी बारा वाजता येतात. डोक्यावर ऊन असलं की सडा सपाट दिसतो, रेघेची सावलीच पडत नाही, मग काही दिसत नाही म्हणून कोणी खडू काढतो, कोणी पाणी ओततो. तीच जागा सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी पाचनंतर बघा, तिरपं ऊन पडलं की एकेक आकृती उठून वर येते. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, मी लोकांना आधी खराट्याने पालापाचोळा झाडायला लावतो (हिराचा मऊ खराटा, तोही हलक्या हाताने) आणि मग ऊन कलेपर्यंत कडेला गप्प बसायला सांगतो. हत्ती दिसायला लागतो तेव्हा लहान पोरंसुद्धा आवाज काढत नाहीत. तुम्ही वेळ ठरवून दिलीत तर खडू-चुन्याचं निम्मं कारणच राहत नाही.

गाड्यांसाठी पाखाडीच्या तोंडाशी किंवा डांबरी संपते तिथेच गाडी थांबवायची. शिल्पाभोवती कमरेएवढा गडगा, सुट्या दगडांचा, सिमेंट अजिबात नाही, आणि कडेपासून चांगला लांब. उक्षीला गावाने तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती बांधून घेतलंय, वरून उभं राहून बघता येतं, आत पाय ठेवायची गरजच पडत नाही. ते एकदा बघून या, आणि तिथल्या माणसांशी बोला, कारण ते काम ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने झालंय.

सड्यावरचा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या वडिलांनी चिरेखाणीवर आयुष्य काढलं, आमचं घर, बहिणीचं लग्न, माझं शिक्षण सगळं चिऱ्यावर झालं. तुमचे काका वाईट नाहीत हो. सडा म्हणजे ओसाड, पडीक, त्यातून चार पैसे देणारी एकच वस्तू म्हणजे चिरा, हे त्यांनी जन्मभर बघितलंय. पुण्या-मुंबईहून येऊन कोणी वारसा वारसा म्हणायला लागलं की त्यांना वाटतं यांचं काय जातंय, पोट आमचं आहे. पर्यटकांचे पैसे तुमच्या आईला मिळतील, पण उरलेल्या दहा नावांना काय? हा हिशेब आधी मांडा, नाहीतर कागदावर कितीही गोड योजना लिहा, एक जण रात्रीत सही करून मोकळा होईल.

पण एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय ती सांगतो, तुमच्या काकांनाही सांगा. शिल्पाला हात लावणार नाही, बाजूचा तुकडा घेतो, हे बोलायला सोपं आहे. मशीन उतरलं की तासून तासून खाली जातात, पंधरा-वीस फुटांचा उभा खड्डा पडतो, ट्रकसाठी रस्ता करतात तो कातळावरूनच, आणि शिल्प एकटं बेटासारखं उरतं. दुसरं म्हणजे पाणी. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरत मुरत खालच्या वाडीच्या विहिरीत येतं. आमची विहीर मे संपेपर्यंत टिकायची, वरती खाण लागली त्यानंतर एप्रिलातच तळ दिसायला लागला. चिऱ्याचे पैसे संपले, विहीर मात्र अजून लवकर आटते. वडील आता स्वतः म्हणतात की वरच्या अंगाला खाण द्यायला नको होती.

सातबारा

कायद्याचं थोडं, कारण यात गैरसमज फार आहेत.

सामायिक क्षेत्रात खाण लावायची तर गौण खनिजाच्या (चिरा त्यातच येतो) परवान्याच्या अर्जासोबत जमीनमालकाची संमती लागते, आणि सामायिकात सगळ्या हिस्सेदारांची मागतात. म्हणजे तुम्ही आणि आई सही देऊ नका, आणि तहसीलदाराकडे आजच लेखी हरकत देऊन पोच घेऊन ठेवा, शिल्पाचे फोटो आणि गट नंबर जोडून. काका आपला अविभक्त हिस्सा विकायला निघू शकतात, म्हणून वाद वाढायच्या आत घरात बोलणं बरं.

जमीन जाते का, तर नाही. १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारक जाहीर झालं तरी मालकी तुमचीच राहते, संपादन ही वेगळी प्रक्रिया आहे. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग अंतिम. बंधनं येतात हे खरं, खोदकाम बांधकाम वाटेल तसं करता येत नाही, पण तुम्हाला नेमकं तेच हवंय ना. ते १०० मीटर बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण जे लोक घाबरवायला सांगतात ते केंद्र संरक्षित स्मारकांचं, २०१० च्या दुरुस्तीतलं.

आणि युनेस्कोचंही सांगतो. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या, रत्नागिरीतल्या सात (उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे), सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. यादीत नाव आलं म्हणजे कायद्याने संरक्षण मिळालं असं अजिबात नाही. गर्दी मात्र यादी वाचून लगेच येते. बाकी शेकडो चित्रं तुमच्यासारख्यांच्या खाजगी जमिनीत आहेत, त्यांचं काय होणार ते जमीनमालक आणि ग्रामसभाच ठरवणार. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या: गाडी कुठे थांबेल, वर कोण नेईल, शुल्क किती आणि ते कुठे जमा होईल. साधा कागद आहे पण पोलिसपाटलाला गाडी अडवायला काहीतरी हातात लागतं.

पठारकर

मी साताऱ्याचा, कासचं जे झालं ते जवळून बघितलंय म्हणून लिहितोय. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ जागा जागतिक वारसा झाल्या, त्यात कास. त्यानंतर सप्टेंबरात जी माणसं लोटली की रस्त्याला रांगा, फुलांवर बसून फोटो. मग कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची समिती, शुल्क, ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ३००० ची मर्यादा हे सगळं आलं आणि त्यातून गावातल्या पोरांना हंगामात काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण सुरुवातीला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद केली. गवत वाढलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड सुरू झाली, शेवटी काही वर्षांनी कुंपण काढावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत होती म्हणून ते पठार तसं होतं, हे गुराख्याला माहीत होतं, त्याला कोणी विचारलंच नाही.

तुमच्या सड्याचंही तेच बघा. नुसतं शिल्प वाचवून भागणार नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे सीतेची आसवं, गेंद, यातली काही फुलं कोकणच्या सड्याशिवाय कुठे होत नाहीत. ज्या मातीच्या चार बोटांत ती उगवतात तिथेच तुमचा भाऊ तंबूचे खुंटे ठोकणार. तंबू वर नकोच. सड्यावर गुरं चरायला येत असतील तर येऊ द्या, फक्त गाड्या नकोत. आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत सड्याची नोंद करून घ्या, ती कागदोपत्री उपयोगी पडते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली, देवळाच्या कुंडात देवाच्या धाकाने मासे सांभाळले होते लोकांनी, म्हणून तो मासा उरला.

कुशावतीकाठ

गोव्यातून लिहिते. आमच्या फणसमाळला, म्हणजे रिवणजवळ उसगाळीमळला, कुशावती नदीच्या काठावर अशीच चित्रं आहेत. बैल, हरणं, मोर, आणि एक गोल गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती जगासमोर आली, आणि तीही गावच्या लोकांनी दाखवली म्हणून, त्यांना आधीपासून ठाऊकच होती. आमच्याकडे पावसात नदी फुगली की चिखल येऊन बसतो, आणि आजूबाजूला खाणींचा प्रदेश.

मला तुमच्या पोस्टमधली एक ओळ सारखी आठवतेय, चपला लांब काढायच्या ती. पर्यटकाला दहा नियमांची पाटी लावली तर तो वाचत नाही, पण "ही आमच्या राखणदाराची जागा आहे, चपला इथे काढायच्या" असं घरच्या माणसाने समोर उभं राहून सांगितलं की निमूट काढतो. मी अनुभवाने सांगते. बुटांनी कातळ झिजतो तेही वाचतं. मात्र तिथे घुमटी, फरशी, रंग, भगवा झेंडा काही येऊ देऊ नका, एकदा फरशी आली की देऊळ येतं आणि शिल्प त्याच्याखाली जातं. आजीने जसा नारळ ठेवला तेवढंच ठेवा, तोही बाजूला, कारण खोबऱ्याचं तेल आणि कुंकूही दगडात उतरतं.

वेळासची_पाहुणी

जमतं का, कोणी केलंय का, याचं उत्तर वेळासला आहे. मंडणगड तालुका, नाना फडणवीसांचं गाव. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, त्याआधी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला आणि लोकांनी राहायचं ते गावातल्या घरांतच, असं ठरलं. मी गेले होते तेव्हा ज्या घरात उतरले त्या काकूंनी सकाळी अंधारात उठवलं, घावणे नंतर, आधी समुद्र म्हणाल्या. किनाऱ्यावर दोरी बांधलेली, दोरीच्या पलीकडे कोणी गेलं नाही कारण दोरीपाशी गावातलीच पोरं उभी होती. टोपली उलटी केली, तेरा पिल्लं होती, शेवटचं पाण्यात जाईपर्यंत सगळे थांबले.

ताई, तिथे मला पटलेली गोष्ट म्हणजे पैसा एका घरात अडकत नाही. एक घर राहायला ठेवतं, दुसरं जेवण करतं, कोणी रिक्षा चालवतो. सड्यावरचा यांनी विचारलं ना की दहा नावांना काय, तर असं काहीतरी. तुमच्या दोन खोल्या भरल्या की पुढचे पाहुणे काकांकडे, चुलतभावाला वर नेण्याचं काम, कोकम-काजू तिसऱ्या घरातून. आणि खोल्या वाढवायची घाई नको, दोन आहेत तर आठ माणसं, बस. तेवढ्यांना सांभाळून वर नेता येतं.

रानवाटा_रत्नागिरी

वेळासच्या ताईंना अनुमोदन. एक जोडतो, वर नेणाऱ्याला सांगायला काहीतरी हवं. चुलतभावाला बारसूला पाठवा, दोन बाजूंना वाघ आणि मधे माणूस असलेलं चित्र बघू दे, देवाचे गोठण्याला होकायंत्र घेऊन जाऊ दे, तिथे माणसाच्या आकृतीवर सुई दिशा चुकते. गेंडा आणि पाणघोडा कोकणात आज नाहीत पण सड्यावर कोरलेत. आणि दहा हजार वर्षं, वीस हजार वर्षं असं ठोकून सांगायचं नाही. काळ अजून पक्का झालेला नाही, अभ्यासक मध्याश्मयुगापासून ते पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंत वेगवेगळं मांडतात, तेच तसं सांगायचं. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून गुराख्यांना विचारत विचारत यातली कितीतरी चित्रं शोधलीत, हेही लोकांना सांगा.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरी फोनाफोनी चालू होती.

हरकतीचा अर्ज काल दिला, पोच घेतली. काकांना मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून आईने बोलायचं ठरवलं. तिने कायदा वगैरे काही काढलं नाही, सड्यावरचा यांनी विहिरीचं लिहिलंय ते तेवढं वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प, मग म्हणाले आपली विहीर तर त्या तुकड्याच्या बरोबर खाली आहे गो. खाणवाल्याला शिमग्यापर्यंत थांब म्हणून सांगितलंय, नाही म्हणालेले नाहीत अजून. पाहुण्यांची पाळी लावायची झाली तर पहिली पाळी त्यांच्या घराची, हे आईने तिथेच सांगून टाकलं.

भाऊ तंबूवर अडून आहे. त्याला या रविवारी उक्षी आणि कशेळी दाखवायला नेतेय, पाऊस उघडला तर. रानवाटा, तुम्ही त्या बाजूला असाल तर भेटाल का? ऊन कलेपर्यंत कसं थांबायचं ते त्याला दाखवा, मला तेवढा धीर नाही.

रानवाटा_रत्नागिरी

आहे मी. रविवारी साडेतीनला उक्षीच्या स्टॉपवर या, आधी उक्षी करू, तिथून कशेळी लांब आहे तेव्हा ती दुसऱ्या दिवशी सकाळी. खराटा मी आणतो.

सड्यावरचा

गडगा घालायला दगड लागले तर सांगा. आमच्या जुन्या खाणीच्या कडेला फुटके चिरे पडून आहेत, टेम्पो भरून देतो, पैसे नकोत. वडीलही येतो म्हणतायत, सिमेंटशिवाय गडगा रचणं त्यांना येतं.